विश्लेषण : दवाखान्यात न आलेल्यांचा हिशेब! ग्रामीण आणि जागतिक आरोग्याचे शिक्षण विद्यार्थ्याला काय शिकवते?

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला आता पहिल्या वर्षापासूनच खेड्यातील कुटुंबांशी जोडले जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काढावे लागतात. जगभरात ‘जागतिक आरोग्य’ या विषयाचे अभ्यासक्रमही वाढत आहेत. पण खेड्यात जाऊन विद्यार्थी नेमके काय शिकतो? की हजेरी लावून, फोटो काढून परततो? चाळीसगावसारख्या तालुक्यासाठी हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही. उद्या इथल्या आरोग्य केंद्रात बसणारा डॉक्टर कसा असेल, हे त्यावर ठरणार आहे.

नेमके काय बदलले आहे?

खान्देशात गेल्या काही वर्षांत वैद्यकीय शिक्षणाच्या जागा वाढल्या. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या मधल्या या पट्ट्यात आता दरवर्षी शेकडो विद्यार्थी डॉक्टर होण्यासाठी दाखल होतात.

याच काळात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने दोन मोठे बदल केले. २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएससाठी ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ आला. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबांशी पहिल्या वर्षापासून संबंध ठेवायचा, त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची आणि गरजेप्रमाणे त्यांना उपचारांपर्यंत पोहोचवायचे, अशी अपेक्षा आहे. एमडी, एमएस करणाऱ्यांसाठी तीन महिन्यांचा ‘जिल्हा निवासी कार्यक्रम’ बंधनकारक झाला. आंतरवासितेच्या म्हणजे इंटर्नशिपच्या वर्षातही १२ आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी राखलेले आहेत.

कल्पना नवी नाही. १९४६ मध्ये भोर समितीने वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण असावे, अशी शिफारस केली होती. नुसता रोग बरा करणारा नव्हे, तर समाज ओळखणारा डॉक्टर समितीला हवा होता. त्याला आता जवळपास ८० वर्षे होत आली.

सार्वजनिक आरोग्य आणि डॉक्टरकी यांत फरक काय?

डॉक्टर एका रुग्णाकडे पाहतो, सार्वजनिक आरोग्य गावाकडे पाहते, असे ढोबळपणे सांगितले जाते. पण खरा फरक शाळेतल्या गणिताने अधिक लवकर समजतो. अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला फक्त अंश दिसतो. आज किती आले, किती बरे झाले, किती दगावले. एकूण किती जणांना यायला हवे होते, त्यातले किती आलेच नाहीत, म्हणजे छेद, तो ओपीडीच्या रजिस्टरमध्ये नसतो.

अपूर्णांकाचे गणित चाळीसगावला परके नाही. तालुक्यातील पाटणादेवी परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड स्वतः पेशाने डॉक्टर होते.

पहिला धडा : छेद मोजायचा कसा?

चाळीसगाव तालुक्यातील अनेक तांडे आणि वस्त्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. लहान मुले अर्थात आईबरोबर जातात. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर.

समजा, एका तांड्यावर दोन वर्षांखालील ५० मुले आहेत. त्यातली ३० ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. उरलेल्या २० पैकी १८ जणांना लस मिळाली. हजर मुलांवर हिशेब केला तर लसीकरण ९० टक्के. तांड्याच्या सगळ्या मुलांवर केला तर ३६ टक्के. गेलेल्या ३० मुलांना कारखान्याच्या तळावर लस मिळाली की नाही, हे त्या दिवशी ना गावाला ठाऊक असते, ना कारखाना असलेल्या तालुक्याला. दोन्हीकडचे कागद मात्र नीट भरलेले असतात.

गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने नोव्हेंबरात भरतात. नेमके तेव्हा आई-बाप टोळीबरोबर निघालेले असतात. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. पुढच्या हंगामात तोही हुकण्याचा धोका असतो.

गोवर रोखायचा तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत, असा जगभरातील अनुभव आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि चाळीसगावपासून फार दूर नसलेल्या मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेल्या मुलांचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. ती मुले काही एका दिवसात वंचित झाली नव्हती. ती आधीच्या आकडेवारीत दिसत नव्हती, इतकेच.

विद्यार्थ्याला दत्तक मिळालेल्या कुटुंबाच्या दाराला डिसेंबरात कुलूप दिसले, तर तो काय करतो? ‘कुटुंब गैरहजर’ लिहून पुढे जाणे सोपे असते. कुठे गेले, कोणत्या मुकादमाबरोबर गेले, बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर आहे का, हे शेजारच्या घरी आणि आशाताईंना विचारणे हा खरा अभ्यास.

दुसरा धडा : कारणामागचे कारण

या तालुक्यात घडलेला एक प्रसंग सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्याही वर्गात शिकवावा असा आहे. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खान्देशात आले होते. चाळीसगाव स्थानकावर वस्तीतील लोक त्यांना न्यायला आले. स्थानकावर टांगे होते. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या माणसाने तो हाकला. वाटेतल्या नदीवरील पुलावर चाक दगडांत अडकले. बाबासाहेब खाली फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

रुग्णालयाच्या कागदावर याची नोंद एका शब्दात होईल : फ्रॅक्चर. इलाज : प्लास्टर. पण पाय का मोडला? चाक अडकले म्हणून. चाक का अडकले? हाकणारा नवखा होता म्हणून. नवखा का हाकत होता? सराईत टांगेवाल्यांनी जातीमुळे नकार दिला म्हणून. हाडाचा डॉक्टर पहिल्या उत्तरावर थांबला तर त्यात काही चूक नाही. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला शेवटच्या उत्तरापर्यंत जावे लागते. कारण तिथे काही बदलले नाही, तर पुढचा अपघात ठरलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या, सर मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये हेच जगाच्या पातळीवर मांडले. माणूस कोणत्या घरात जन्मतो, काय काम करतो, किती कमावतो, समाज त्याला कसे वागवतो, यावर त्याचे आरोग्य मोठ्या प्रमाणात ठरते. अभ्यासक्रमात याला ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ असा जड शब्द आहे. चाळीसगावच्या माणसाला तो टांग्याच्या गोष्टीतून चटकन समजेल.

खेड्यात हे प्रत्यक्ष कसे दिसते?

३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला. चाळीसगाव शहर आणि परिसरातील गावांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा पुरानंतर दवाखान्यात जुलाब, ताप, त्वचेचे आजार यांचे रुग्ण येऊ लागतात. औषध द्यावेच लागते. पण त्याच वेळी विहिरीत किती टीसीएल पावडर टाकली, पावडर किती जुनी होती, नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरी पाण्याची ओटी टेस्ट केली का, जलवाहिनी गटारीतून जाते का, हे पाहणारेही कोणी लागते.

१८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडली आणि संशय एका सार्वजनिक पंपापाशी नेला. पंपाचा दांडा काढण्यात आला. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकशास्त्राला सर्वमान्यही नव्हता. आज विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल आहे, गावाचा नकाशा आहे, ओटी टेस्टची बाटली आहे. जुलाबाचे रुग्ण कोणत्या गल्लीतले, त्या गल्लीला पाणी कुठून येते, एवढे दोन प्रश्न विचारले तरी स्नो यांचा धडा गिरवता येतो.

तिसरा धडा : गावाला आधी विचारा

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. दुष्काळी भागातल्या लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती. त्यांना पाणी आणि अन्न हवे होते. तेव्हा आरोग्याचे काम विहिरी, कूपनलिका, मुलांचे अन्न आणि शेती यांपासून सुरू झाले.

सुरुवातीला गावांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा प्रयत्न झाला. तो फारसा जमला नाही. बाहेरून आलेल्या शिकलेल्या मुलीचे गावाशी सूर जुळेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, अशी पद्धत आली. निवडलेल्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबात पाजायचे मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाची ओळख हे सारे त्या शिकल्या आणि त्यांनी ते गावाला शिकवले.

जगात याची नोंद लवकर झाली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्य प्रकल्पांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथील परिषदेत १३४ देशांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ आणि प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा स्वीकारला. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे परदेशातील विद्यार्थी ग्रामीण आरोग्य शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले. जागतिक आरोग्य म्हणजे श्रीमंत देशाने शिकवायचे आणि गरीब देशाने शिकायचे, हा समज जामखेडने मोडला.

चौथा धडा : पुरावा गोळा करा, गावातच

नागपुरात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सला गेले. १९८४ मध्ये तिथले शिक्षण पूर्ण करून परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. परदेशातून त्यांनी काय आणले, तर संशोधनाची शिस्त. उपकरणे आणि मोठी इमारत नव्हे.

पहिला मोठा अभ्यास स्त्रियांच्या आजारांचा. दवाखान्यात येणाऱ्या स्त्रिया तपासून ते थांबले नाहीत. दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी आणि तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा किमान एक प्रकार होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त आठ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंब नियोजन आणि बाळंतपण, एवढाच सरकारी विचार होता. छेद मोजल्यावर काय दिसते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे अवघड.

दुसरा अभ्यास नवजात बाळांचा. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन, श्वास, ताप पाहू लागल्या आणि जंतुसंसर्गावर उपचार करू लागल्या. तुलनेसाठी ४७ गावे अशी घेतली, जिथे ही सेवा नव्हती. सेवा असलेल्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २६ पर्यंत उतरले. तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आले.

यातली तुलनेची ४७ गावे विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावीत. ती नसती, तर ‘पाऊस चांगला झाला’, ‘रस्ता झाला’, ‘काळच बदलला’ असे म्हणून कोणीही निष्कर्ष झटकून टाकला असता. चांगल्या हेतूने केलेले काम आणि उपयोगी ठरलेले काम यांतला फरक असाच कळतो.

२०११ पासून देशभरात आशांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाले असेल तर सात. चाळीसगाव तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर आशाताई वजनकाटा घेऊन बाळंतिणीच्या घरी जाते, त्यामागे गडचिरोलीतल्या त्या गावांचा पुरावा आहे.

‘जागतिक’ आरोग्याचा चाळीसगावशी संबंध काय?

कापूस हे या भागाचे मुख्य पीक. कापूस आला की फवारणी आली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. घरात ठेवलेले कीटकनाशक आत्महत्येच्या क्षणिक विचाराला जीवघेणे करते, हे कापूस पट्ट्यातले दुसरे दुःख.

इथे श्रीलंकेचा अनुभव कामाचा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्या देशात आत्महत्यांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी होते. सरकारने सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. शेतीच्या उत्पादनाला त्या बंदीचा मोठा फटका बसल्याचे अभ्यासांत दिसले नाही. समुपदेशन, कर्जाचा प्रश्न, शेतमालाचा भाव हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण दुकानात कोणते विष विकले जाते, यानेही जीव वाचतात, हे विद्यार्थ्याला शेजारच्या देशाने शिकवले. (मानसिक ताण असह्य होत असेल, तर ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य उपलब्ध आहे.)

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत भिल्ल, पावरा समाजात हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. आफ्रिकेतल्या मोठ्या भागातही तो आहे. त्याचे कारण जुने आहे : ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते, त्याला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकले. दोन्ही पालकांकडून ते आले तर मात्र मुलाला आजार होतो. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, लक्ष्य २०४७ चे. तपासणी आणि कार्ड ही झाली सुरुवात. ज्याला आजार निघाला त्याला हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळते का, तापात कुठे जायचे हे घरच्यांना माहीत आहे का, आणि कार्डामुळे एखाद्या मुलीचे लग्न अडते का, हे प्रश्न त्यानंतरचे. आफ्रिकेतील आणि सातपुड्यातील आरोग्य कर्मचारी यांवर एकमेकांकडून शिकू शकतात.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण विषयाच्या प्रतिष्ठेची. वैद्यकीय महाविद्यालयात ‘पीएसएम’ म्हणून ओळखला जाणारा हा विषय अनेकांसाठी ‘पार्क’चे जाडजूड पुस्तक पाठ करण्यापुरता उरतो. पदव्युत्तर प्रवेशाची स्पर्धा इतकी तीव्र, की आंतरवासितेतले ग्रामीण आठवडे अभ्यासिकेत काढण्याकडे कल असतो.

दुसरी अडचण, खेडे म्हणजे शिक्षा ही भावना. राज्यात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. ती न केल्यास १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद राहिली आहे. दंड भरून सुटता येते, असे असेल, तर खेडे हे शिकण्याचे ठिकाण आहे, हा संदेश पोहोचत नाही.

तिसरी अडचण कुटुंबांची. ‘दत्तक’ हा शब्दच तपासण्यासारखा आहे. ज्याला अजून इंजेक्शन देता येत नाही, त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने शेतमजुराचे कुटुंब दत्तक घ्यायचे, म्हणजे काय? प्रत्यक्षात ते कुटुंबच त्या विद्यार्थ्याला शिकवत असते, आणि त्यासाठी रोजगार बुडवून घरी थांबत असते. दरवर्षी नवा विद्यार्थी येऊन तोच फॉर्म भरत असेल, तेच वजन-रक्तदाब घेत असेल आणि वाढलेल्या रक्तदाबाची गोळी मात्र मिळत नसेल, तर लोक दार उघडणे बंद करतील.

चौथी अडचण व्यवस्थेची. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष. पण निकष इमारतीचा असतो, माणसांचा प्रश्न उरतोच. राज्यातील आशा सेविकांनी २०२३-२४ मध्ये मोबदल्यासाठी दीर्घ संप केला. विद्यार्थी ज्यांच्या वह्यांवरून छेद शिकणार, त्यांच्याच मोबदल्याची अशी स्थिती. डॉक्टर नसलेल्या, पण सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या तरुणांसाठी कायम पदे कमी आणि कंत्राटी अधिक. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ अशा संस्थांतून हे तरुण बाहेर पडतात, त्यांच्या ज्ञानाचा तालुक्याला उपयोग व्हायचा तर तालुक्याच्या पातळीवर जागा हव्यात.

१९७१ मध्ये ब्रिटनमधील डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी एक निरीक्षण मांडले होते. जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. त्यांनी ते वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत काम करताना लिहिले. ऊसतोडीच्या तळावर ते आजही तसेच लागू पडते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होतात. अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी २३ आहे, देशाच्या ३५ पेक्षा बरेच कमी. ही राज्याची कमाई.

पण त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे बाळंतपणासाठी आई रुग्णालयात पोहोचली, तरी तिच्या ताटापर्यंत व्यवस्था पोहोचलेली नाही. रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांनी पहिला प्रश्न बराच सोडवला. दुसऱ्याचे उत्तर मजुरी, रेशन, अंगणवाडी, मुलींचे लग्नाचे वय आणि घरात कोण शेवटी जेवते, यांत आहे.

चाळीसगावसाठी याचा अर्थ काय?

चाळीसगाव जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा इथून धुळे जवळ. रुग्ण, रेल्वे आणि रोजगार जिल्ह्याच्या सीमा पाळत नाहीत. त्यामुळे तालुक्यातील विद्यार्थ्यांचे काम कोणत्याही महाविद्यालयाने पाहिले तरी नोंदी दोन्ही जिल्ह्यांना आणि ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या तालुक्यांनाही उपयोगी पडायला हव्यात. लसीकरणाची ‘यू-विन’ ही डिजिटल नोंद कोणत्याही केंद्रावर पाहता येते. तिचा उपयोग टोळीबरोबर गेलेल्या बाळाला शोधण्यासाठी होतो का, हे तपासण्याचे काम विद्यार्थी सहज करू शकतात.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. दिवाळीपूर्वी तांड्या-तांड्यावर दोन वर्षांखालील मुलांची आणि गरोदर स्त्रियांची यादी करायची. कोण कुठे जाणार हे लिहायचे आणि ती यादी आशाताई व तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यायची. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या की तीच यादी पुन्हा तपासायची. किती डोस चुकले, किती बाळंतपणे तळावर झाली, कोणते मूल परत आलेच नाही. एका तुकडीने हे सलग तीन वर्षे केले, तर हाती येणारी माहिती कोणत्याही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपेक्षा तालुक्याला अधिक उपयोगाची असेल.

महाविद्यालयांनाही यात एक बदल करावा लागेल. विद्यार्थ्याचे गुण किती कुटुंबांना भेट दिली यावर नको, भेटीनंतर काय बदलले यावर हवेत. रक्तदाबाची गोळी सुरू झाली का? विहिरीची ओटी टेस्ट नियमित होऊ लागली का? चुकलेला डोस मिळाला का? आणि कुटुंबाने त्या विद्यार्थ्याबद्दल काय सांगितले, यालाही काही गुण असावेत.

कुटुंब दत्तक कार्यक्रमाची पहिली तुकडी आता शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात आली आहे. हे तरुण लवकरच आरोग्य केंद्रांत रुजू होतील. ओपीडीत समोर बसलेल्या रुग्णावर ते नीट उपचार करतील, यात शंका नाही. रजिस्टर बंद करताना ‘आज कोण आले नाही?’ असा प्रश्न त्यांच्यातले किती जण विचारतात, यावरून त्यांच्या ग्रामीण शिक्षणाचे खरे मूल्यमापन होईल.